मावसाजींच्या तीन वाट्या

अख्ख्या सडक अर्जुनी गावात असा माणूस शोधून सापडायचा नाही, ज्याच्यावर आमच्या मावसाजींनी एखादा तरी प्रयोग केलेला नाही. माझ्या बायकोचे हे मावसे कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. नोकरीतून निवृत्त झाले, पण खोड कुठली निवृत्त होते! माझ्या साखरपुड्यात यांनी मुद्दाम मला बिनसाखरेचा चहा दिला आणि मी तक्रार करतो का ते न्याहाळत बसले. मी मुकाट्यानं प्यालो. "पोरगा खरं बोलत नाही," असा निकाल त्यांनी सोयऱ्यांसमोरच जाहीर करून टाकला. आता काय म्हणावं या माणसाला!

त्यांच्या लेखी प्रयोग तीन तऱ्हांचे. पहिला प्रयोगशाळेतला. खोली बंद, प्रत्येक गोष्ट आपल्या हातात, म्हणून कशानं काय झालं ते छातीठोक सांगता येतं. "पण खोलीत बसवला का माणूस पाहुण्यासारखा वागते," असंही तेच म्हणायचे. म्हणून दुसरा, माणसाला पत्ता न लागू देता तो असेल तिथंच करायचा. पुतणीच्या लग्नात यांनी एका पंगतीला हसतमुख वाढपी लावले आणि दुसरीला आंबट तोंडाचे. कुठली पंगत जास्त जेवते ते पाहायचं होतं. ऐन वेळी हसऱ्या पंगतीतला भात संपला, सोयरे रुसले, आणि मावशींनी यांना भर मांडवात फैलावर घेतलं. "माणसं खरी वागली, पण भात माह्या हातात नव्हता," एवढंच यांचं म्हणणं.

तिसरा प्रयोग आपण करतच नाही. पूर, दुष्काळ, आजार तो करून टाकतात, आपण नुसतं पाहायचं. "जे मुद्दाम करणं पाप, ते तिथं पाहाले भेटते. पण थांबवता येत नाही अन् परत करता येत नाही," असं ते वर्गात सांगायचे. मग तो त्यांच्याच घरात सुरू झाला. मावशी विसरू लागल्या. आधी गॅस बंद करायला, मग नातवाचं नाव, मग न्हाणीघर कुठं आहे ते.

नागपूरचा मुलगा म्हणाला, "बाबा, आईला इकडच्या आश्रमात ठेवू. तिला आता काहीच कळत नाही." मावसाजी हट्टाला पेटले. रोज तीन वाट्या पालथ्या घालायच्या, मावशींच्या डोळ्यांदेखत एकीखाली सुपारी ठेवायची, आणि चहा झाला की सुपारी कुठाय म्हणून विचारायचं. मावशी बरोबर ती वाटी उचलायच्या. "पाह्य, आठवते का नाही तिले!" असा फोन लगेच नागपूरला.

पण माणूस हाडाचा मास्तर. एक दिवस मला बोलावणं आलं. "विचारणाऱ्याले उत्तर माहीत नसलं पाहिजे, जावईबापू. नाहीतर प्रयोग कच्चा." मला बाहेर काढून त्यांनी सुपारी ठेवली. चहा झाल्यावर ते ओसरीत जाऊन बसले आणि मी आत गेलो. मी विचारलं. मावशींचा हात वाट्यांवरून फिरला आणि त्या माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. माझ्या तोंडावर काय सापडणार? त्यांनी भलतीच वाटी उचलली. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. मग त्या रडायलाच लागल्या.

बाहेर येऊन मी सांगितलं.

"म्हणजे आठवत नव्हतं तिले," मावसाजी म्हणाले. "माह्या तोंडाकडे पाहून उचलत होती. मीच दाखवून देत होतो, अन् मले समजलंबी नाही."

त्यांनी मुलाला फोन लावला. माझ्याच्यानं तर खोटंच बोललं गेलं असतं. यांनी मात्र झालं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"मग आता तरी येऊ का घ्यायला?" मुलानं विचारलं.

"कायले?" मावसाजींचा आवाज फाटला. "सारं विसरली, पण माहं तोंड वाचता येते तिले. तिथं ती कोणाचं वाचंन?"

त्यानंतर मावसाजींनी कोणावर म्हणून प्रयोग केला नाही. वाट्या मात्र रोज मांडतात, आणि सुपारी असेल त्या वाटीकडे टक लावून बसतात. मावशी त्यांच्या तोंडाकडे पाहतात आणि तीच वाटी उचलतात. हल्ली जरा वेळ लागतो.