दोन गावांचं पाणी

अग्निशमन केंद्रात त्याला सगळे दाबराव म्हणायचे. आग कुठेही लागो, बाकीचे नळ्या घेऊन आत धावायचे आणि हा बंबाच्या कडेला पंपापाशी उभा, डोळे दाबाच्या काट्यावर. पाण्याचा दाब कमी पडला तर आत गेलेली माणसं उघडी पडतात. जास्त झाला तर नळी हातातून उसळून माणसालाच झोडपते. सतरा वर्षांत त्याच्या हातून दोन्हीपैकी काही घडलं नव्हतं. शाळेत गणितात दोनदा आपटलेला हा माणूस काट्याकडे न बघताही, नुसत्या पंपाच्या आवाजावरून दाब सांगू शकायचा.

एका भर दुपारी गाद्यांच्या फोमचं गोदाम पेटलं. रस्त्यावरच्या सरकारी नळाला पाणी नव्हतं आणि बंबाची टाकी बघता बघता तळाला गेली. तेवढ्यात शेजारच्या गावाचा बंब भोंगा वाजवत आला, टाकी काठोकाठ भरलेली. त्यांचा चालक नळीचं टोक घेऊन धावत आला.

"घ्या, जोडा लवकर!"

दाबरावने आपलं टोक पुढे केलं आणि दोघंही तसेच उभे राहिले. याची जोडणी आटे फिरवून बसायची, त्यांची खटका दाबून. पाणी चार हातांवर होतं, पण या नळीतून त्या नळीत जायला वाट नव्हती. शेवटी त्यांचा बंब मागेपुढे करून गल्लीत घ्यावा लागला आणि त्यांच्याच नळ्या लावाव्या लागल्या. तोवर गोदाम गेलंच, मागची दोन घरंही गेली.

माणूस दगावला नाही, एवढंच नशीब. एक घर शिवणकाम करणाऱ्या बाईचं होतं. ती फुटपाथवर बसली होती. दाबराव पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ गेला. ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, दादा?"

हे त्याला फार झोंबलं, कारण करता आलं असतं. चार वर्षांपूर्वी दोन्ही दलांच्या कवायतीत त्याने ती खटक्याची जोडणी पाहिली होती. चहा पिताना त्यावर विनोदही केला होता, "तुमची सोयरीक आमच्याशी जुळायची नाही." वर कोणाला कळवलं मात्र नव्हतं.

तेव्हा प्रत्येक नगरपालिकेचं दल वेगळं होतं. भरती वेगळी, खरेदी वेगळी. अधिकारीही कोणी राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून शिकून आलेला, तर कोणी केसांबरोबर हुद्दाही पिकत गेला म्हणून खुर्चीत बसलेला. अशा दोन-तीन आगींनंतर चौकशी झाली आणि नियम आला: टप्प्याटप्प्याने सगळीकडे सामान एका मापाचं, आणि केंद्र सांभाळणारा अधिकारी महाविद्यालयाचा अभ्यासक्रम पुरा केलेलाच हवा. नोकरीत मुरलेल्यांसाठी काही जागा राखल्या होत्या, पंचेचाळीस वयापर्यंत. दाबराव त्रेचाळीसचा होता.

तो अर्ज घेऊन घरी आला आणि आठवडाभर त्याकडे नुसता बघत राहिला. बायको म्हणाली, "अहो, सही करा आता. रोज जेवताना ते गोदाम पुन्हा पेटवताय तुम्ही."

महाविद्यालयात वर्गातली बाकीची मुलं-मुली पंचविशीच्या आतली. शिडीची कवायत, धुराने भरलेल्या खोलीत चाचपडत माणूस शोधणं, यात तो त्यांना भारी पडायचा. वर्गात मात्र फळ्यावर पाण्याच्या प्रवाहाची सूत्रं आली की तो ती न कळताच वहीत उतरवून घ्यायचा. पहिल्या परीक्षेत पन्नासपैकी अकरा पडले.

त्याने वसतिगृहातून मेहुणीला फोन लावला. ती शाळेत गणित शिकवायची.

"भाऊजी, अकरा म्हणजे शून्य तर नाही ना! बरं, मला सांगा, एका नळीतून दुप्पट पाणी सोडायचं झालं तर दाब किती वाढवता?"

"दुप्पट करून भागत नाही. नळीतच खूप दाब खर्च होतो. साधारण चौपट धर."

"मग फळ्यावर तेच लिहिलंय. तुमच्या हाताला जे येतं, ते लोकांनी अक्षरात मांडलंय. आता दर रविवारी फोन करायचा. आणि ताईला सांगू नका की मी तुम्हाला ओरडते."

"ती आत्ता तुझ्या शेजारीच बसलीय वाटतं?"

"स्पीकर चालू आहे, भाऊजी."

पलीकडून बायकोचं हसू ऐकू आलं.

दुसऱ्या परीक्षेत एकोणतीस पडले, तिसऱ्यात अडतीस. शेवटी प्रत्येकाला एका आगीचा अहवाल लिहायचा होता. त्याने गोदामाची आग घेतली. जोडणीचा दोष लिहिला आणि खाली स्वतःचाही लिहिला: 'हे मला चार वर्षं ठाऊक होतं. मी कळवलं नाही.' शिकवणाऱ्या बाई कडक होत्या, कधी कोणाचं कौतुक करत नसत. त्यांनी तो अहवाल पुढच्या तुकडीसाठी ठेवून घेतला.

केंद्राचा अधिकारी म्हणून नेमणूक झाली ती नेमकी शेजारच्या गावात. तिथे तोच चालक होता, नळीचं टोक धरून उभा राहिलेला. पहिल्या दिवशी तो सर्वांदेखत म्हणाला, "आमच्यात कोणी लायक नव्हतं का, साहेब?"

"होतं. तुम्हीच होता," दाबराव म्हणाला. "आज दुपारी माझ्याबरोबर लेथवाल्याकडे चला."

नवं सामान यायला वर्ष लागणार होतं. तोवर चालेल असा जोडतुकडा दोघांनी लेथवाल्याकडून बनवून घेतला, एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला खटका. पहिला गळला. दुसराही गळला. लेथवाला वैतागून म्हणाला, "साहेब, आग विझवणं सोपं असेल याच्यापेक्षा." तिसरा मात्र थेंबभरही पाणी न सांडता बसला. मग दर रविवारी सकाळी दोन्ही गावांची एकत्र कवायत सुरू झाली.

पाच महिन्यांनी इस्पितळाचं धुलाईघर पेटलं. वरच्या मजल्यावर रुग्ण होते. दोन गावांचे बंब मागेपुढे लागले, नळ्या जोडल्या गेल्या आणि पाणी एका धारेत वर चढलं. पाऊण तासात आग आटोक्यात आली. एकाही रुग्णाला खाट सोडावी लागली नाही.

त्या संध्याकाळी चालक दाबरावच्या खोलीत आला, उगाच खुर्ची सरकवली, मग म्हणाला, "माझं वय एकेचाळीस आहे."

"मग अर्ज करायला चार वर्षं आहेत हातात. गणित कसं आहे?"

"बोंब आहे."

दाबरावने एका कागदावर मेहुणीचा नंबर लिहून दिला. "रविवारी लावा. ओरडते, पण शिकवते."

जिल्ह्यातल्या पाच गावांकडे आता तो जोडतुकडा आहे. सात राहिलीत. त्यातल्या एका गावाचे प्रमुख फोन उचलत नाहीत, म्हणून सोमवारी दाबराव स्वतःच तिकडे निघालाय.