पत्र्याखालचं गाणं

मी जन्मभर कारखान्यात इंजिनिअर होतो. भुतं, साक्षात्कार आणि वार्षिक समारंभातली भाषणं... तिन्ही मी सारख्याच अंतरावरून पाहत आलो. तरीही ही एक गोष्ट सांगतो.

साठ सालानंतरची. पुण्याहून बंगलोरला नोकरीसाठी नुकताच आलो होतो. कानडी 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, याच्या पुढे गेलं नव्हतं. मल्लेश्वरममधल्या एका जुन्या मराठी घरी मुलगी पाहायला गेलो. बरोबर मामा — रिटायर्ड मामलेदार. गाणं ऐकल्याशिवाय मुलगी पसंत करायची नाही, हा त्यांचा जाहीर नियम.

मुलीच्या वडिलांनी, अण्णांनी, आम्हाला मागच्या पत्र्याच्या पडवीत बसवलं.

"हॉलला चुना लावलाय. हितंच स्वल्प बसा," म्हणाले, आणि आभाळाकडे पाहिलं.

मुलगी, पद्मा, उप्पिटाच्या बशा घेऊन आली आणि पत्र्यावर पाऊस कोसळला. कुणीतरी वरून खडीचा ट्रक रिकामा करत असावं, असा. नावगाव विचारणं अशक्य. मामांनी हातानंच 'गा' अशी खूण केली. तिचे ओठ हलू लागले. मामा गुडघ्यावर ताल धरून डोलू लागले.

मला मात्र... पाऊस एकदम लांब गेल्यासारखा झाला. पत्रा थरथरत होता, धारा पडत होत्या, पण आवाज नाही. जणू सगळं पाण्याखाली. आणि कानाशी एक संथ, पोक्त आवाज —

डाळिंबाच्या फांदीवरी राघू बसला राखण...
दाणा पिकेल तेव्हा ऊठ, मलगु कंदा...

पाऊस ओसरला. "वा! काय सुरेल गळा!" मामा म्हणाले. लग्न ठरलं.

खरा आवाज लग्नात कळला, उखाण्याच्या वेळी. लहानपणी घटसर्प झालेला, तेव्हापासून पद्माचा गळा फाटलेला. पावसाविना आलेली दोन स्थळं त्यापायीच परत गेली होती. मामांनीच पहिली दाद दिली. 'सुरेल' म्हणून बसले होते ना!

मी पद्माला विचारलं, "मग त्या दिवशी गायलीस ती कशी?"

"अहो, मी कुठं गायले? अण्णा म्हणाले, पाऊस येईपर्यंत थांबायचं, मग नुसते ओठ हलव."

मी हसत तिला दोन्ही ओळी ऐकवल्या. ती हसली नाही.

"ही आईची अंगाई. मी चार वर्षांची असताना ती गेली. मला पहिलीच ओळ आठवायची. दुसरी अण्णांनाही येत नाही..." मग त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "पुन्हा म्हणा."

'मलगु कंदा' म्हणजे 'नीज बाळा', हे तिनंच मला सांगितलं. जे शब्द मला ठाऊकच नव्हते, ते माझ्या मेंदूनं रचले कसे? शेजारी कुणी गात असेल म्हणावं, तर त्या पत्र्याखाली बंदुकीचा बारही ऐकू आला नसता.

आमच्या मुली त्याच दोन ओळींवर झोपल्या. आता घर काँक्रीटचं आहे. पाऊस आला तरी कळत नाही. गाडीच्या शेडवर तेवढा पत्रा आहे. सर आली की पद्मा तिथे जाऊन बसते. मीही शेजारी बसतो, कान देऊन.

तिला तिसरी ओळ हवी आहे. मला अजून ऐकू आलेली नाही.