दुसरी खूण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, कॉलेजातल्या कुणाला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण दोन वाक्यं लिहिली आणि हात थांबला. सोपं नाही.

माझे बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात शिपाई आहेत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात आमचं क्वार्टर. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. मिळालेल्या मार्कांत इतिहास मिळाला, म्हणून इतिहास. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बाबांनी दिघे सरांना गाठलं आणि म्हणाले, "साहेब, पोरगी इतिहास शिकतेय. पुढे काय करायचं ते आम्हाला घरात कुणालाच कळत नाही." सर म्हणाले, "मग शनिवारपासून पाठवा."

सर वकील होते. आणि इतिहासकारही. सकाळी कोर्ट, दुपारी जुनी दप्तरं. तेव्हा गुडगावच्या शेतांमधून नवे रस्ते निघत होते, काचेच्या इमारती उठत होत्या. ज्या गावांच्या जमिनीवर हे चाललं होतं, त्यांचे खटले सर लढवायचे आणि त्याच गावांचा इतिहास लिहायचे. एकच कागद आधी खटल्यात जायचा, मग पुस्तकात.

त्यांची एक पद्धत होती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्रत्येक उताऱ्याच्या समासात पेन्सिलीची खूण. नक्कल पाहिली असेल तर एक खूण. मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, नक्कल त्याच्याशी ताडली, तरच दुसरी. दोन खुणा नसलेला कागद ते कोर्टातही वापरत नसत आणि पुस्तकातही नाही. मला त्यांनी जुनी उर्दू दप्तरं वाचायला शिकवली. वर्षभराने दुसरी खूण करायचा अधिकार दिला. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी स्वतःशीच हसत होते — आता हे आठवलं की कसंतरी होतं.

मानेसरच्या वाटेवर एक गाव होतं. गावाचा जोहड, म्हणजे गुरांना पाणी पाजायचं तळं, आणि त्याभोवतीचं गायरान एका बिल्डरच्या नकाशात गेलं होतं. गावाच्या वतीने एक म्हातारे यायचे, सगळे त्यांना ताऊ म्हणायचे. मला ते मराठन बिटिया म्हणायचे. एकदा मी सरांसमोर उर्दू वाचत होते, तर ताऊ म्हणाले, "वकील साब, ये छोरी तो आपकी भी छुट्टी कर देगी." सर म्हणाले, "अच्छा है, मैं किताब पूरी करूँगा."

गायरान गावाच्या सामाईक मालकीचं असल्याची एक जुनी नोंद होती. आमच्याकडे तिची टाइप केलेली नक्कल होती. मूळ वही गुडगावच्या कचेरीत. सरांच्या पायाला प्लास्टर होतं, म्हणून त्यांनी मला पाठवलं.

मी निघाले. खरंच निघाले होते. पण त्याच दिवशी वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस होता, तिच्या गुडगावच्या नव्या सोसायटीत. त्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलींनी मला पहिल्यांदाच बोलावलं होतं. वाटलं, तासभर जाऊ, मग कचेरी. दहाव्या मजल्यावरून खाली निळा पोहण्याचा तलाव दिसत होता. कुणीतरी विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हटलं, मिनिस्ट्रीत आहेत. उठायचं कुणाला होतं? मी खाली आले तेव्हा कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "पाहिलंस ना?"

मी हो म्हटलं. आणि त्यांच्यासमोर बसून दुसरी खूण केली.

पुन्हा जाता आलं असतं. सुनावणीला तीन आठवडे होते. का गेले नाही? रोज वाटायचं, नक्कल बरोबरच असणार.

सुनावणीला विरुद्ध बाजूच्या वकिलांनी मूळ वहीच मागवली होती. नोंदीखाली लाल शाईत एक शेरा होता, नक्कल करणाऱ्याने गाळलेला. गायरानातला काही भाग नंतर एका घराण्याला दिला गेला होता. काही भागच, सगळं नाही. आधी कळलं असतं तर सरांनी उरलेल्या जमिनीसाठी आणि तळ्यासाठी वेगळी मांडणी केली असती. पण न्यायाधीशांनी विचारलं, आपण तर इतिहासकारही आहात, मूळ पाहूनही हा शेरा वगळलात? सरांनी फाइल उघडली. दोन खुणा पाहिल्या. माझी खूण जरा तिरकी असते. त्यांनी मागे वळून बाकांकडे पाहिलं. मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

मग ते न्यायाधीशांना म्हणाले, "तपासण्याची जबाबदारी माझी होती, चूक माझी आहे."

त्यानंतर त्यांच्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवला गेला नाही. गाव हरलं. बाहेर पायऱ्यांवर ताऊ उभे होते. अगदी हळू म्हणाले, "कितने में बात हुई, वकील साब?" सरांनी हात जोडले. टॅक्सीत मला म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

इथवरची चूक कदाचित कुणाचीही होऊ शकते. मला सांगायचं आहे ते यापुढचं.

पुढच्या शनिवारी गेले, तर सरांनी पुस्तकाचं सगळं हस्तलिखित टेबलावर काढलं होतं आणि खोडरबर घेऊन दुसऱ्या खुणा पुसत होते. माझ्याही आणि स्वतःच्याही. मला म्हणाले, "पुन्हा सगळं पाहायला हवं. माझ्याकडून आणखी कुठे राहिलंय कुणास ठाऊक." माझ्याकडून, असं म्हणाले.

पुस्तक जवळजवळ पुरं झालं होतं. तरी ते पहिल्या पानापासून बसले. काठी घेऊन एकेका कचेरीत जायचे, तासन् तास बाकावर बसायचे, वही मागवायचे, ओळीवर ओळ ताडायचे. मी सोबत असायचे. पाण्याची बाटली धरायचे, पाय दुखला की रिक्षा बघायचे. सरांच्या पत्नी, काकू, दारातच मला म्हणायच्या, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही गं." अशी दोन वर्षं गेली. माझं बीए झालं, लॉला प्रवेश मिळाला. प्रवेशासाठी सरांनीच पत्र दिलं होतं. ही मुलगी कागदाशी प्रामाणिक आहे, असं त्यात लिहिलं होतं. त्यांना ठाऊक होतं का? होतं, तर ते पत्र कसं लिहिलं? नव्हतं, तर त्या दिवशी वळून का पाहिलं? मी हे पुष्कळदा उलटसुलट केलं आहे. माझ्या बाजूने त्याने काहीच बदलत नाही.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, आणि ती फक्त मलाच ठाऊक होती. बाकीच्या सगळ्या खुणा खऱ्या होत्या. त्यांच्या तर होत्याच, माझ्यासुद्धा. मी सगळीकडे खरोखर गेले होते, सगळं वाचलं होतं. सबंध पुस्तकात एकच खूण खोटी होती. एवढं सांगितलं असतं तर त्यांनी खोडरबर खाली ठेवलं असतं. पुस्तक त्याच वर्षी निघालं असतं.

गेल्या थंडीत सर गेले. निम्म्याहून कमी पानं तपासून झाली होती. काकूंनी सगळे कागद बांधून माळ्यावर ठेवले आहेत.

दोन वर्षं, दर शनिवारी, मी त्यांच्या शेजारी बसून ओळी वाचून दाखवत होते. बरोबर निघालेल्या प्रत्येक ओळीला ते मान हलवायचे आणि नव्याने खूण करायचे. ती बरोबर निघणार हे मला आधीच माहीत असायचं. मी पुढची ओळ वाचायचे.