खालच्या वहिनी आणि रोमन बरणी

आमच्या इमारतीत सुक्या मासळीच्या वासाबद्दल कधीच कोणी तक्रार केली नव्हती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

बोईसरच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मी कारखान्यात नुकताच सुपरवायझर झालो होतो. बायको तारापूरकडच्या मासेमारी करणाऱ्या घरातली. मी वाडीवाला, पालघरच्या बाजूच्या बागायती घरातला. मासे आम्हीही आवडीने खातो. पण एकदा साहेब आणि त्यांची बायको चहाला यायचे होते, आणि नेमके त्याच दुपारी हिने तव्यावर बोंबील भाजले. मला लाज वाटली. तसं तोंडाने म्हणायचीही लाज वाटली. म्हणून साहेब गेल्यावर सांगितलं, "खालच्या वहिनी बोलल्या मला जिन्यात. वास सहन होत नाही म्हणे."

ती नुसतं "बरं" म्हणाली. पुढच्या वेळी सासूबाईंनी आणलेली सुक्या जवळ्याची पिशवी तशीच परत गेली. तेव्हापासून त्या येताना चिकू आणतात. आणि खालच्या वहिनी जिन्यात दिसल्या की ही मोबाईलमध्ये बघत पुढे निघते. हळदीकुंकवालाही त्यांना बोलावणं नसतं. ज्या गावात वारा फिरला की एमआयडीसीचा वास थेट देवघरापर्यंत येतो, तिथे मी बोंबलावर आळ घेतला, तोही दुसऱ्याच्या तोंडून.

या थंडीत पालघरच्या एका शाळेच्या मैदानावर फिरतं संग्रहालय आलं होतं. एक मोठी बस, आणि आत प्राचीन रोममधल्या रोजच्या वापरातल्या वस्तू. खऱ्या नव्हेत, नकला. मुलीला शाळेसाठी त्यावर लिहायचं होतं. आम्ही तिघं निघालो; सासूबाई आलेल्याच होत्या, त्यांनाही गाडीत बसवलं.

पहिल्या चित्रापासूनच त्या रंगात आल्या. चित्रात एक श्रीमंत रोमन आडवा पडून जेवत होता.

"आजारी हाय का तो?"

"नाही आज्जी, तशी पद्धतच होती," माहिती सांगणारी तरुणी म्हणाली.

"वाढणारीचे हाल."

पुढे सार्वजनिक शौचालयाचा नमुना होता. लांब दगडी बाक, ओळीने भोकं, मध्ये आडोसा म्हणून काही नाही. लोक तिथे बसून गावच्या गप्पा मारत, असं कळल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. "जावयबापू, तुमची सोसायटीची मिटिंग अशीच ना?" माझी मुलगी वहीत लिहिता लिहिता थांबून हसत सुटली.

शेवटी उभी होती एक उंच, दोन कानांची, बुडाशी निमुळती मातीची बरणी. मासे आणि माशांची आतडी मिठात घालून कित्येक आठवडे उन्हात ठेवायची, सुटलेलं पाणी गाळून अशा बरणीत भरायचं, आणि मग ते जवळजवळ प्रत्येक पदार्थात घालायचं, असं ती तरुणी सांगू लागली. सासूबाईंनी वाकून आत पाहिलं. बरणी रिकामी होती.

"वास येत असंल."

"खूप. म्हणून बनवायची जागा गावाबाहेर ठेवायचे."

"पण खायचे ना?"

"हो, सम्राटसुद्धा."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि हिला म्हणाल्या, "ऐकलंस? राजा खातो, आणि तुझी ती खालची बाई नाक दाबते."

ही इतकी हसली की तिला बसचा दांडा धरावा लागला. "आई, या रोमन लोकांना आमच्या सोसायटीत फ्लॅट मिळाला नसता गं." सगळे हसले. मीही हसलो, बहुतेक सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

परतताना गाडीत सासूबाईंनी ठरवूनच टाकलं. "येत्या रविवारी मी जवळा घेऊन येते. चटणी करते आणि त्या बाईच्या हातावर नेऊन ठेवते."

"भांडू नकोस हं," ही आईला म्हणाली.

"भांडते कुठं? आमी काय तशी माणसं नाय. राजाचं जेवण हाय, खा म्हणते."

ही मागून मला म्हणाली, "अहो, तुम्हीपण चला बरोबर. तुम्हालाच बोलल्या होत्या ना त्या."

"बघू," मी म्हणालो, आणि पुढच्या ट्रकला उगाच हॉर्न दिला.

खालच्या वहिनी चटणी बघून काय म्हणतील, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या चहानंतर पंधरा दिवसांतच त्यांनी मला गेटपाशी थांबवून विचारलं होतं, "हल्ली तुमच्याकडून बोंबलाचा वास येत नाही, बायको माहेरी गेलीय का?" तेव्हाही मी "हो" म्हणालो होतो.

आज गुरुवार. घरात तिखट कांडून ठेवलंय, ही सकाळपासून गुणगुणतेय, आणि मी दोनदा तोंड उघडून चहा मागितलाय. तक्रार माझी होती, त्यांची नव्हती. एवढं सांगणं मी बायकोचं, तिच्या आईचं आणि खालच्या वहिनींचं देणं लागतो, आणि ते रविवारच्या आत द्यायचं आहे.