सिहावाच्या डोंगरावरचा केसाळ साप

मी रिटायर सुभेदार. इन्फन्ट्री. घर रायपूरले, तात्यापाऱ्यात. माझ्या संगतीचे दोघं. एक हवालदार खोब्रागडे, सिग्नलवाला, समता कॉलनीत राहतो. दुसरा लान्स नाईक साहू, पक्का छत्तीसगढिया. आमच्या संगतीत त्याची मराठी काही सुधरली नाही, आमची मात्र बिघडली. वर्षातून एकदा आम्ही तिघं कोणता तरी डोंगर चढतो. चौथा होता नाईक दिलीप वानखेडे. तो बर्फात राहिला. त्याच्या नावानंच हे चढणं असते.

यंदा त्याची पोरगी संग आली, स्वाती. बाप गेला तेव्हा दोन वर्षांची होती. आता तिले पुण्यात नोकरी लागली, पुढच्या आठवड्यात जाणार. पोट्टीले मराठी सगळी समजते, पण बोलते हिंदीच. गाडी धमतरीच्या पुढं निघाली तशी मले म्हणाली, "काका, जाने से पहले पापा की कोई एक बात बताइए. 'बहुत बहादुर थे' मत बोलिए. वो तो फोटो के नीचे भी लिखा है."

गाडीत आम्ही तीन फौजी. खोब्रागडे खिडकीबाहेर पाहू लागला. साहूले खोकला आला. मी ड्रायव्हरले रस्ता सांगायले लागलो, जो त्याले माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. आमचं असंच हाय बाप्पा. गेलेल्या माणसाले सॅल्यूट ठोकता येते, त्याच्याबद्दल बोलता येत नाही. पोरगी मोबाईल पाहू लागली. तिनं आमची आशा सोडली, हे मले आरशात दिसलं. लय वाईट वाटलं.

डोंगर सिहावाच्या बाजूचा, मोठा नाही. पण चढाई म्हटली की कमांडर मी. पायथ्याशी फॉल-इन घेतलं. खोब्रागडेनं नातवाच्या खेळण्यातले तीन वॉकी-टॉकी आणले होते, ते वाटले. कॉल साइन ठरल्या, टायगर वन, टू, थ्री. पायात गुडघ्याचे पट्टे घालून तीन टायगर निघाले.

अर्ध्या चढावर मी हॉल्ट दिला. आता सिव्हिल लोक हॉल्टमध्ये सावली पाहून बसतात. फौज तशी बसत नाही. पाठीले पाठ, तोंडं बाहेर. प्रत्येकाले आपला इलाका वाटून दिलेला, अन् दुसऱ्याच्या इलाक्यात मान वळवायची नाही. काहून? तू तिकडं पाहशील तर तुझ्याकडून कोण येऊन राहिलं ते कोण पाहीन? नोकरीभर हेच केलं. आजही बाजारात गेलो तर मी समोरचंच पाहतो, मागं बायको कोणत्या दुकानात शिरली ते समजत नाही. स्वाती मधात बसली, बेसनाच्या कुरकुरीत ठेठरीचा डबा घेऊन. ती सिव्हिलियन, तिले इलाका दिला नाही. फक्त सांगितलं, हॉल्टमध्ये बोलायचं नाही.

थोड्या वेळानं सेट खरखरला. साहू माझ्यापासून हातभर दूर, म्हणून त्याचा आवाज आधी हवेतून आला, मग सेटमधून.

"टायगर वन, टायगर थ्री. सामने पेड़ पे साँप लटका है. ओवर."

मी साइज, रंग विचारला. दोन फूट, लाल-काळा, म्हणाला. मग जरा थांबून हळूच बोलला, "उस्ताद, साँप में बाल हैं. ओवर."

तितक्यात टायगर टू. खोब्रागडे म्हणे, डोक्यावरून पक्षी गेला, मांजरीएवढा, पण पंख नाहीत. मी म्हटलं, बिनपंखाचा पक्षी उडते कसा? तो म्हणे, ते त्याले विचारा, ओवर.

मी दोघायले झापणार, तं माझ्याच इलाक्यात, झाडाच्या बेचक्यात, एक तोंड निघालं. तोंड उंदराचं, छाती पिवळी, अन् दोन हातांत फळ धरून माकडावानी खाऊन राहिलं होतं. बाकी आंग पानात लपलेलं.

कमांडरनं हिशोब करावा लागते. तीन बाजू, तीन अनोळखी जनावरं, त्यातला एक केसाळ साप. म्हणजे आपण घेरल्या गेलो. मी विड्रॉलचा ऑर्डर दिला. एकानं मागं हटायचं, दोघांनी कव्हर द्यायचं. हत्यार म्हणून दोन काठ्या अन् एक छत्री. तिसऱ्या पावलाले खोब्रागडे वाळक्या पानांवर बसला अन् तसाच घसरत खाली गेला. सेटचं बटन दाबलेलं होतं, म्हणून त्याच्या सगळ्या शिव्या आमाले साफ ऐकू आल्या. त्या इथं लिहीत नाही.

स्वाती जागची हलली नव्हती. तोंडात ओढणी कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसून राहिली होती. हात वर करून म्हणाली, "काका, अब बोल सकती हूँ?"

परवानगी मिळाल्यावर तिनं मोबाईल दाखवला. एकच जनावर. मोठी खार, मांजरीएवढी, तांबडी-काळी. साहूच्या झाडावर तिची शेपटी लटकलेली. तिथून हातपाय पसरून तिनं खोब्रागडेच्या डोक्यावरून उडी मारली, अन् माझ्या झाडावर येऊन जेवायले बसली. खोब्रागडे बूड झटकत वर आला, चष्मा पुसून पाहिलं अन् कपाळावर हात मारला. "अरे, हा तं शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. दोन-दोन मराठी माणसं, अन् आपलाच प्राणी पाहून पळालो ना बे."

"लेकिन आप में से किसी ने गर्दन क्यों नहीं घुमाई?" स्वातीनं विचारलं.

मी इलाक्याचं समजावणार होतो. साहू आधी बोलला. त्याच्या बोलीतच बोलला, "मुंडी घुमइया एके झन रिहिस बेटी. तोर बाबू." मान वळवणारा एकच होता, तिचा बाप.

हसणं थांबलं. मग मात्र आमाले बोलता आलं. दिलीप कधीच आपल्या इलाक्यात राहिला नाही. कोल्हा दिसला, मान वळली. पाखरू उडालं, मान वळली. मी त्याले किती वेळा शिक्षा म्हणून पाठीवर वजनाचा पिट्ठू लावून पळवलं. पळून येई, घाम पुशी अन् म्हणे, "उस्ताद, पण कोल्हा पांढरा होता." खोब्रागडेनं त्याची मान वळवायची ऐट करून दाखवली. पोट्टी पुन्हा हसली. मी सांगत राहिलो.

त्या दिवशी बर्फावर आम्ही चौघं होतो. दिलीप सगळ्यात मागं. त्याचा इलाका खालचा, दरीचा. वरून एक पक्षी गेला अन् यानं मान वर केली. वरचा बर्फ तुटताना त्यालेच दिसला. "उस्ताद, ऊपर!" एवढंच ओरडला. आम्ही तिघं खडकाच्या आड शिरलो. तो पोचला नाही.

स्वातीनं ठेठरीचा डबा बंद केला. मग विचारलं, "मतलब, पापा ऑर्डर नहीं मानते थे?"

"एकही नाही," मी म्हटलं.

"ये मैं मम्मी को बताऊँगी," ती म्हणाली. मग रडली.

नाईक दिलीप वानखेडे, ब्राह्मणपारा, रायपूर. त्यानं मान वळवली म्हणून आम्ही तिघं घरी आलो.