उघड्यावरची शेगडी

निकमअण्णा गाडीतून उतरले की आधी वाकून चिमूटभर माती उचलायचे आणि हवेत सोडून द्यायचे. माती कुठे उडते ते डोळे बारीक करून बघायचे. मग चार पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच. आम्ही मागे चटया, डबे, पाण्याचे कॅन घेऊन ताटकळत उभे. कुणी घाई केली की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी वारा, मग चहा." तल्लफ आलेल्या माणसाला हे वाक्य किती झोंबतं ते आमच्या ह्यांना विचारावं.

सिडकोत आमच्या भिंतीला भिंत लागून अण्णा आणि माई राहायचे. दोघं मूळचे सटाण्याकडचे. अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाले आणि लोक देवदेव करायला लागतात त्या वयात त्यांनी एक जुनी मॅटाडोर विकत घेतली. आतली बाकडी काढून फळ्यांचे पलंग केले, भांड्यांना कपाट केलं. गॅसच्या टाकीसाठी मात्र मागच्या बाजूला, बाहेरून उघडणारी लोखंडी पेटी केली आणि तिच्या तळाला मुद्दाम भोकं पाडली. मी म्हटलं, "अण्णा, पावसात टाकी भिजेल की." तर म्हणाले, "भिजू दे. गॅस काय धुरासारखा वर नाय जात, पाण्यासारखा खाली बसतो. त्याला खालून वाट पाहिजे."

त्या गाडीतून त्यांनी माईंना कुठे कुठे फिरवलं! पुष्कळदा आम्हालाही सोबत न्यायचे. मुक्कामाला पोचलं की टाकी गाडीपासून लांब, सपाट जागेवर उभी राहायची. शेगडीच्या तीन बाजूंना पत्र्याचा आडोसा. रेग्युलेटर बसला की अण्णा मगात साबणाचा फेस करून नळीच्या दोन्ही टोकांना लावत आणि बुडबुडा येतो का ते बघत बसत. तोवर कुणी काडी ओढायची नाही. हतगडाला एकदा वारा इतका सुटला की ज्योत टिकेना. आमच्या ह्यांनी आणि त्यांच्या मित्राने शेगडी उचलून गाडीत नेली. अण्णा पाणी घेऊन परत आले. टाकी सोडवली, पेटीत घातली, पेटीला कुलूप लावलं आणि सगळ्यांच्या हातावर चिवडा ठेवला. "बंद गाडीत चूल मांडणारा पाव्हना माझ्या गाडीत नको," एवढंच म्हणाले. आम्ही दिवसभर चिवड्यावर काढला.

त्यांना हरवू शकणारं माणूस एकच, माई. नवी शेगडी आणली तेव्हा माईंना तिच्यावर रीतीप्रमाणे दूध उतू घालवायचं होतं. अण्णा म्हणाले, दूध सांडून ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो, हे कसलं शुभ? माई म्हणाल्या, "तुमनं शास्त्र तुम्हीच सांभाळा." शेवटी माई पातेल्याजवळ आणि अण्णा बटण धरून बसले. दूध वर आलं, बाहेर सांडलं, त्याच क्षणी अण्णांनी बटण फिरवलं. दोघंही जिंकल्यासारखे एकमेकांकडे बघत होते. मला तेव्हा त्यांचा हेवा वाटला होता, खोटं कशाला सांगू?

पुढे माई विसरायला लागल्या. आधी चष्मा, किल्ल्या, मग वारांची नावं. तोवर आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग गॅसचं बटण चालू करायचं आणि काडी ओढायचं विसरून दारात येऊन उभं राहायचं, असं व्हायला लागलं. एका सकाळी वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. अण्णा भाजी घेऊन परतत होते, त्यांनी दारातूनच ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः आत जाऊन खिडक्या उघडल्या. त्यांचा मुलगा पुण्याहून आला. घरात गॅस ठेवायचाच नाही, डबा लावायचा, असं ठरलं. त्याचंही काही चुकलं नव्हतं.

पण माई रिकाम्या ओट्यापाशी उभ्या राहायच्या. ओटा पुसायच्या, पुन्हा पुसायच्या. माझ्याकडे येऊन विचारायच्या, "मनी शेगडी कोनी लई गयी व?" म्हणजे माझी शेगडी कुणी नेली गं? बोलणंही दिवसेंदिवस असं माहेरच्या अहिराणीकडे वळत होतं. डब्यातलं अन्न त्या तोंडात घालेनात. परक्या घरचं जेवण रोज रोज का खायचं, असा त्यांचा हट्ट. जन्मभर स्वतः रांधून दुसऱ्यांना वाढलेली बाई, ताट समोर आलं की कुणाच्या तरी घरी आल्यासारखी अवघडून बसायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. अण्णा घास भरवायला गेले की तोंड फिरवायच्या. मी अण्णांना पहिल्यांदा रडताना बघितलं ते तेव्हा, आमच्या जिन्यात.

दोन दिवसांनी त्यांनी मॅटाडोर धुवायला काढली. मी विचारलं, "कुठे निघालात?" म्हणाले, "माई स्वयंपाक करणारे." मीही सोबत गेले. गंगापूर धरणाच्या मागच्या बाजूला पाण्याकाठी त्यांनी टाकी मांडली, आडोसा लावला, नळीला फेस लावला आणि माईंना शेगडीसमोर बसवलं. स्वतः टाकीला गुडघा टेकून, बटणावर नजर ठेवून बसले. मला म्हणाले, "घरात चुकली तर भिंती हायेत. इथं चुकली तर वारा हाय, मी हाय."

माईंनी वांगं ज्योतीवर धरलं आणि त्यांचे हात आपोआप चालायला लागले. वांगं फिरवणं, साल काढणं, लसूण-मिरची ठेचणं, भाकरी थापणं. डोकं विसरलं होतं ते हातांना पाठ होतं. भरतात मीठ दोनदा पडलं. अण्णांनी मिटक्या मारत खाल्लं. आणि माई जेवल्या. स्वतःच्या हाताने वाढून घेऊन, पोटभर जेवल्या. त्यानंतर आठवड्यातून जमेल तितक्यांदा गाडी निघायची. मुलाला कळलं तेव्हा तो फोनवर चिडला, आजारी बाईकडून स्वयंपाक करून घेता, लोक काय म्हणतील? अण्णा म्हणाले, "मी करून घेत नाय रे. तिला करू देतो."

आता दोघंही नाहीत. माई आधी गेल्या, अण्णा वर्षभर मागे राहिले. त्यांची आठवण निघाली की लोक त्यांच्या शिस्तीच्या गमती सांगतात. माझ्या डोळ्यांपुढे मात्र धरणाकाठची एक दुपार येते.

थंडीचे दिवस होते. माईंचा स्वयंपाक झाला. अण्णा हात धुऊन आले तर माईंनी पदर सावरला आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "या पाव्हना, बठा. जेवाले बठा." अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुपचूप पाहुण्यासारखी मांडी घालून बसले. माईंनी एक भाकरी आणि भरीत वाढलं. त्यांनी ते खाल्लं आणि म्हणाले, "वहिनी, भरीत झकास झालंय. अजून एक भाकर मिळंल का?"

टोपल्यात दोन भाकऱ्या होत्या. माईंनी त्यांच्यावर फडकं टाकलं आणि वर हात ठेवला. "नही पाव्हना. त्या त्यासनासाठे शेत." म्हणजे नवऱ्यासाठी. "सकायपासून भुक्या शेत त्या. येतीनच आते." सकाळपासून उपाशी आहेत, येतीलच आता. अण्णांनी मान डोलावली. भूक तशीच ठेवून ताट उचललं.

ते गाडीमागे गेले. तोंडावर पाणी मारल्याचा आवाज आला. माई रस्त्याकडे डोळे लावून बसल्या होत्या, हात त्या फडक्यावर. मला तिथे बसवेना आणि उठवेना. थोड्या वेळाने अण्णा गाडीला वळसा घालून रस्त्याच्या बाजूने आले. केस ओल्या हाताने नीट बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. कामावरून घरी यायचे तशा चालीने आले आणि मोठ्याने म्हणाले, "आलो गं. उशीर झाला आज."

माईंनी मान वर करून त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग काही विसरून परत आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं अगदी आपुलकीने विचारलं, "काही ऱ्हायनं का पाव्हना तुमनं?"

"नाही वहिनी," अण्णा म्हणाले आणि टाकी बंद करायला खाली बसले.