डाव्या हाताची मुलं

"हिच्यामुळे आपली शाळा खाली गेली."

प्रार्थना झाली होती. प्रतिज्ञा झाली होती. भारत माझा देश आहे, सारे भारतीय माझे बांधव आहेत, हे सगळं म्हणून झालं होतं. मग मोठ्या गुरुजींनी माझं नाव घेतलं, पुढे बोलावलं, ओट्यावर चढवलं आणि सगळ्या शाळेसमोर हे वाक्य म्हटलं. मी सातवीत होते. पायात चप्पल नव्हती आणि ओट्याची फरशी तापायला लागली होती. पोरं हसली असती तर मी समजू शकले असते. पण ती हसली नाहीत. त्यांचं काहीतरी मी मोडून टाकलंय, अशा नजरेनं ती बघत राहिली. मला तिथंच उभं ठेवून गुरुजींनी वर्ग सोडले. पहिला तास संपेपर्यंत मी ओट्यावर होते.

मी काय केलं होतं? प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. बरोबर उत्तर.

पाचोरा तालुक्यातलं आमचं गाव. सातवीपर्यंतची सरकारी शाळा. तपासणीला साहेब येणार म्हटलं की आठवडाभर शिकवणं बंद. भिंती सारवा, झाडांच्या बुंध्यांना गेरू लावा, तक्ते टांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाताची तालीम. साहेबांनी काहीही विचारलं तरी सगळ्या वर्गानं हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा. ज्याला येत नाही त्यानं डावा. गुरुजी उजव्या हातवाल्यांतूनच एकाला उठवणार. साहेबांना काय दिसणार? हातांचं रान. वा, काय हुशार शाळा. वरून कीर्तन, आतून तमाशा.

तालमीत मी उजवा हात वर केला. मला यायचं. पुस्तक हातात पडलं की मी पहिल्याच आठवड्यात वाचून काढायची. गुरुजी माझ्या बाकापाशी आले, माझं मनगट धरून हात खाली दाबला आणि दुसरा वर केला.

"तुझा डावा. तू तोंड उघडलंस की वस्तीची भाषा बाहेर येते."

वस्तीची भाषा. मी बौद्ध वस्तीतली, म्हणून माझी भाषा वस्तीची. खरं तर सगळं गाव तेच बोलायचं. पाटलांच्या ओसरीवर 'आहे'ला 'शे', दुकानात 'शे', गुरुजी ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचे त्यांच्या चुलीपाशीसुद्धा 'शे'. तिथं ती गावची गोड बोली होती. माझ्या तोंडात आली की तिला वास यायचा. हे त्या वयात मला असं मांडता आलं नसतं. पण मनगट दुखत होतं आणि ते का दुखतंय हे मला कळत होतं.

साहेब आले. खुर्ची, नारळ, चहा. साहेबांनी विचारलं, "ओले कपडे वाळतात. त्यातलं पाणी कुठं जातं?"

हातांचं रान उगवलं. माझा डावा. गुरुजींनी पाटलांच्या मुलाला उठवलं. तो म्हणाला, "बाष्पीभवन." साहेब खूश. पण बहुतेक त्या दिवशी साहेबांना घाई नव्हती. ते म्हणाले, "म्हणजे काय?"

तो गप्प. सगळे हात खाली आले. मला माहीत होतं. माय धुणं वाळत घालायची तेव्हा मी याच गोष्टीचा विचार करायची. माझा उजवा हात वर गेला. गुरुजी डोळे वटारत होते, तरी तो खाली आला नाही. साहेबांनी मान हलवली आणि मी उठून सांगितलं.

"पानीनी वाफ व्हई जास. ती हवामा ऱ्हास, आपले दिखत नही."

साहेब हसले. मोठ्यानं नाही, मिशीतल्या मिशीत. गुरुजींकडे वळून म्हणाले, "सातवीतल्या मुलीला शुद्ध बोलता येत नाही. हाच का शाळेचा दर्जा?"

ज्याला अर्थ माहीत नव्हता, त्याच्यामुळे दर्जा राहिला. जिला माहीत होता, तिच्यामुळे गेला. शाळेचा शेरा खराब आला आणि दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर.

घरी सांगितलं. माय कापूस वेचून आली होती, बोटं सोललेली. ती माझी बाजू घेईल असं मला वाटलं होतं. ती माझ्यावरच उखडली. "हात वर कराले कोनी सांगं व्हतं तुले? गुमान बठ. शिकी ले. मंग बोल." तिचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही. शाळेशी भांडून शाळेतच राहायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी गुमान बसले. कितीतरी वर्षं. जळगावला डी.एड. केलं आणि पुस्तकासारखं बोलायला शिकले. असं शिकले की आज लोक विचारतात, मॅडम तुम्ही पुण्याकडच्या का? ते कौतुक म्हणून विचारतात. मायशी फोनवर बोलतानासुद्धा कधीकधी मी अडखळते, आणि ती पलीकडून म्हणते, "काय व्हयनं, साहेब लोके शेजारी शेत का?"

आता मी जळगावातच, पिंप्राळ्यात राहते आणि शहरातल्याच एका सरकारी शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. आमच्या फाटकासमोरून सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या व्हॅन जातात. आमच्याकडे राहिली ती डाळमिलमधल्या हमालांची मुलं, धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुलं, आणि सातपुड्यातून कामाला आलेल्या पावरा लोकांची मुलं. दरवर्षी पट कमी होतो. दरवर्षी कुणीतरी येऊन शाळेचा दर्जा ठरवून जातं.

दर्जा म्हणजे काय, तर बोलक्या भिंती. आमची भिंत खूप बोलते. तिच्यावर पाढे आहेत, ग्रह आहेत, थोरांची वचनं आहेत. वर्गात मात्र बोलायचं नाही. हात धुवायची जागा आहे, रंगीत टाइल्सची. नळाला पाणी नाही. फोटोत पाणी दिसत नाही, टाइल्स दिसतात. परसबाग आहे. तिथली मेथी तपासणीच्या आदल्या दिवशी बाजारातून जुडीसकट येते आणि मातीत खोचली जाते. हे मी ऐकीव सांगत नाही. तिच्यावर पाणी शिंपडताना मी पाहिलं आहे.

यंदा तपासणीची तारीख कळली आणि हेडसरांनी सगळ्या वर्गांना एकत्र बसवलं. आमचे हेडसर धुळ्याकडचे. वाईट माणूस नाही. दुपारच्या सुट्टीत खिडकीपाशी उभे राहून आईला फोन करतात. "हाव माय, जेवन व्हई गयं. तू गोळी लिधी का?" फोन ठेवला की वळतात आणि शुद्ध होतात. त्या दिवशी ते वळले आणि मुलांना म्हणाले, "ज्याला येतं त्यानं उजवा. ज्याला येत नाही त्यानं डावा."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. इतक्या वर्षांनी? हातातल्या मोबाइलवरून शाळेचा फोटो क्षणात वरपर्यंत पोचतो, आणि खाली अजून डावा-उजवाच चालू आहे?

माझ्या सातवीत वंता नावाची मुलगी आहे. पावरा. आई-बाप बांधकामावर. घरी पावरी बोलते, गल्लीत हिंदी, वर्गात मोडकं मराठी. एका डोक्यात तीन भाषा आणि आम्ही म्हणतो तिला भाषा येत नाही. तालमीत तिनं उजवा हात वर केला. हेडसर तिच्यापाशी गेले, तिचं मनगट धरलं, खाली दाबलं.

"तुझा डावा, बाळ. कळलं?"

बाळ म्हणाले. आमचे गुरुजी एवढंही म्हणाले नव्हते. वंतानं डावा हात वर केला आणि माझ्याकडे बघितलं. माझं स्वतःचं मनगट दुखायला लागलं. खरंच दुखलं.

"सर, तिचा हात सोडा."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. बाकीचे शिक्षक माना खाली घालून उभे. सरांनी हात सोडला आणि मला ऑफिसात बोलावलं.

"मॅडम, मला काय हौस आहे का? पट बघा. शेरा खराब आला की आठवी जाईल, मग सातवी. शाळाच बंद पडली तर तुमची वंता कुठं जाणार? व्हॅनमध्ये बसणार का?"

हेच तर डोकं फिरवतं. लबाडी करणारा माणूस आपल्याला मुलांच्याच भल्याचं सांगतो आणि ते अर्धं खरं असतं. मी घरी गेले आणि स्वयंपाक करताना तव्यावर पाणी शिंपडलं. ते चर्र करून उडून गेलं. दिखत नही. डोळ्यांतलं तेवढं वाळायला वेळ लागला.

मग मला अर्धं खोटं सापडलं. डावा हात वर करणाऱ्या मुलाला कुणी प्रश्न विचारत नाही. त्याला येत नाही हे साहेबाला दिसत नाही, म्हणून वरही कळत नाही. वर कळत नाही म्हणून त्याच्यासाठी काही येत नाही, शिक्षक येत नाही, वेळ येत नाही. तो डावा हात वर करून सहावीतून सातवीत जातो, सातवीतून आठवीत, आणि आठवीतून थेट डाळमिलमध्ये. शाळा उघडी राहते. त्याच्यासाठी ती कधीच बंद झालेली असते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला सांगितलं, "येत असेल तर हात वर करा. येत नसेल तर करू नका. एवढंच."

तपासणीच्या बाई आल्या. तरुण, चुणचुणीत, हातात मोबाइल. आधी भिंतीचा फोटो, मग टाइल्सचा, मग मेथीचा. शेजारच्या वर्गात हातांचं रान उगवलेलं मी दारातून पाहिलं. मग त्या माझ्या वर्गात आल्या.

"एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश?"

मोजके हात वर. बाकी वर्ग बसून. मागच्या बाकांवर तर कुणी हललंही नाही. मला लाज वाटत होती, खोटं का बोलू? वर आलेल्या हातांत वंताचा होता. बाईंनी तिला उठवलं.

"रोटी दो जण खाल्ला तर टुकडा मोठा. तीन जण खाल्ला तर लहान. दो वाला मोठा."

बाई हसल्या. छान हसल्या, मिशी नव्हती एवढाच फरक. मला म्हणाल्या, "गणित ठीक आहे. भाषेवर काम करा." आणि बाहेर पडताना, हलक्या आवाजात, माझ्या भल्यासाठी, "मॅडम, निदान हात तरी वर करायला शिकवा हो. आत्मविश्वास दिसतो."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. तपासणाऱ्याला माहीत, दाखवणाऱ्याला माहीत, मुलांना तर तालीमच दिलेली. कुणीच फसत नव्हतं. तरी ते हात वर जात होते, फोटो निघत होते आणि शेरे लिहिले जात होते. मग हे सगळं चाललं होतं कुणासाठी?

शेरा आला. खालचा. हेडसरांनी शिक्षकांची सभा घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका वर्गामुळे आपली शाळा खाली गेली."

तेच वाक्य. शब्द थोडे इकडेतिकडे. क्षणभर पायाखाली ओट्याची तापलेली फरशी आली. मी उभी राहिले. पुस्तकातलं मराठी तोंडात तयार होतं, पण ते मी गिळलं.

"सर, उत्तर चुकनं व्हतं का?"

सरांनी वर बघितलं. सभेत ही भाषा कुणी बोलत नाही. ती आईला फोन करायची भाषा.

"मॅडम, सभेत नीट बोला."

"नीटच बोली ऱ्हायनू. वंतानं उत्तर चुकनं व्हतं का?"

त्यांनी पुढचा विषय घेतला. परसबाग.

मला नोटीस मिळेल म्हणतात. बदलीही होईल. आठवीचा वर्ग राहील की जाईल, ते पट ठरवेल आणि त्याचं खापर माझ्यावर फुटेल. पण सभेनंतर मी वर्गात गेले आणि फळ्यावर एक द्वितीयांश लिहिलं. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "ज्याले येत नही, त्यानी हात वर करा. कोन्ता बी हात."

आधी कुणीच केला नाही. येत नाही म्हणून हात वर करायचा, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मग मागच्या बाकावरून एक हात आला. मग दुसरा. मग जवळजवळ सगळा वर्ग, डावे-उजवे सगळे सरमिसळ. हे हात कुठल्याही फोटोत येणार नाहीत. मी डब्यातली भाकरी काढली, टेबलावर ठेवली आणि वंताला पुढे बोलावलं. "मोड," म्हटलं. "आणि तुझ्या भाषेत सांग."

पुढच्या तपासणीला मी या वर्गात असेन, नाहीतर दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या वर्गात. जिथं असेन तिथं साहेबांना हेच हात दिसतील, येत नाही म्हणून वर गेलेले. बघायचं तर त्यांनी ते बघावेत. शेरा काय लिहायचा तो लिहावा. माझ्या वर्गातल्या मुलाचं मनगट धरायला कुणी हात पुढे केला, तर आधी माझं मनगट धरावं लागेल. आणि आता मी लहान नाही.